डाव्या कोपरावरची लाल लोकर

१२ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही. मी रफूगार आहे. कपडा जळाला, खिळ्याला अडकून फाटला, उंदरांनी कुरतडला, की लोक तो माझ्याकडे आणतात. मी भोक असं भरून देतो की मग मालकालाही जागा सापडत नाही. फुशारकी मारत नाही. बरं, थोडी मारतोय, पण माझ्या दुकानात येऊन कुणालाही विचारा.

आता मुद्द्याचं. माझा एक मित्र ट्रक चालवतो. त्याच्या आवाजावरून सगळे त्याला भोंगा म्हणतात, आपणही तेच म्हणू. तो सिमेंट घेऊन पार सरहद्दीपर्यंत जातो. या खेपेला तिकडच्या एका गावात त्याचा ट्रक बंद पडला आणि एका म्हातारीने त्याला घरात झोपायला जागा दिली. निघताना तिने पेटीतून एक स्वेटर काढून त्याच्या हातात ठेवला. सैन्यातला, हिरवा, गळ्याला बटणं असलेला. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या लढाईत एक जखमी जवान तिच्या गोठ्यात आला होता. तो तिथेच गेला. तिने आणि तिच्या नवऱ्याने त्याला गोठ्यामागे, दगडी कुंपणालगत पुरलं. स्वेटर मात्र मुद्दाम काढून ठेवला, घरचं कुणी शोधत आलं तर दाखवायला हवा म्हणून. त्यानंतर सगळं गावच उठवलं गेलं. ती माणसं कित्येक वर्षांनी घरी परतली, आणि शोधत कुणी आलंच नाही. ती भोंग्याला म्हणाली, "मी गेल्यावर सून याचं पायपुसणं करील. त्याच्या घरी पोचव, बाबा. आणि नीट करून पोचव."

नीट करायला तो माझ्याकडे आला. गळ्याच्या आत नंबराची पट्टी आहे, पण शेवटचे आकडे उडाले आहेत. भोंग्याने सैन्याच्या कचेरीत जाऊन तिथल्या लोकांचं डोकं खाल्लं, तेव्हा कळलं की ज्यांचा नंबर त्या आकड्यांनी सुरू होतो आणि जे त्या भागात बेपत्ता झाले असे जवान दोन. त्यातल्या एकाच्या घरचा पत्ता तुमचा. पत्रं मी लिहितोय, कारण भोंग्याचं अक्षर त्याला स्वतःलाही लागत नाही.

ही बातमी वाईट म्हणावी की बरी, मला ठरवता येत नाही. तुमच्या घरचा माणूस इतकी वर्षं 'बेपत्ता' आहे. तो शब्द घेऊन घरात राहणं कसं असतं हे मी काय सांगणार? पण उगाच भलत्या घरी दुःख पोचवू नये, म्हणून विचारतो. स्वेटरवर तुम्हाला आठवणारी काही खूण होती का? नक्की ओळखता येईल अशी?

स्वेटरची काळजी करू नका. कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवला आहे. कसर लागून बारीक भोकं पडली होती, ती भरली. जिथे म्हणून बिघडलं होतं तिथे सगळीकडे हात फिरवला आहे. दुकानातून काल आणल्यासारखा दिसतो. इतक्या वर्षांनी घरी येणाऱ्या वस्तूने लक्तरं लेवून येऊ नये, असं मला वाटलं.

तुमचा,
रफूगार


२ मार्च

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं.

तुम्ही लिहिता की दादा शेवटच्या सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या स्वेटरचं डावं कोपर फाटलं होतं. आई आधीच गेलेली, घरात बाईमाणूस म्हणून तुम्हीच, आणि तुम्ही दहा वर्षांच्या. हिरवी लोकर नव्हती म्हणून स्वतःच्या कानटोपीची लाल लोकर उसवलीत आणि भोक शिवून टाकलंत. त्याचा बोराएवढा गोळा झाला. दादा म्हणाला, "वा! आता शत्रू बरोबर माझ्या कोपरालाच नेम धरणार." तुम्ही रडलात. तो हसला, तोच स्वेटर घालून गेला, आणि पुन्हा आला नाही.

बाबांना आता दिसत नाही हेही कळलं. ते अंथरुणावर आहेत, पण अजून ठासून सांगतात की पोरगा कुठेतरी जिवंत आहे, कुणीतरी अडकवून ठेवलाय. आणि स्वेटरचं ऐकून म्हणाले, "कोपर माझ्या हातात द्या. मी हात लावून सांगतो."

मी स्वेटर दुकानाबाहेर नेऊन उन्हात धरून पाहिला. त्याच्या डाव्या कोपरावर लाल लोकर नाही. गोळाही नाही.

तेव्हा हा तुमच्या दादाचाच असं मला म्हणता येत नाही. दुसऱ्या घराचं उत्तर यायचं आहे, ते आलं की कळवतो. तोवर स्वेटर माझ्याकडेच राहू द्या. बाबांच्या जिवाला उगाच त्रास नको.

इकडे लग्नाचे कोट खूप आले आहेत, मान वर करायला फुरसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. खाडाखोड फार झाली आहे, राग मानू नका.

रफूगार


१९ मार्च

ताई,

तुम्ही माझे आभार मानलेत. ते पत्र हातात घेऊन मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारत होतं, मी ओ दिली नाही.

तुम्ही लिहिता, माझं पत्र ऐकून बाबा उठून बसले. म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो? तो नव्हेच." न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. दादाचे बूट माळ्यावरून काढायला लावले आणि पॉलिश करून घेतले. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. "तुमच्यामुळे घरात हसू आलं," असं तुम्ही लिहिलंत.

ताई, ते हसू काढून घ्यायला मी हे लिहितोय.

डाव्या कोपरावर लाल लोकर होती. मी ती काढली.

भोंग्याने स्वेटर आणला त्याच दिवशी काढली. अडाण्याने शिवल्यासारखं काहीतरी होतं. टाके एकमेकांवर चढलेले, लोकर निराळ्या जाडीची, मध्ये गोळा, आणि वर तो लालभडक रंग. असं काही दिसलं की माझे हात शिवशिवायला लागतात. लोकांच्या अंगावरचं वाकडं रफू पाहूनही मी रस्त्यात अस्वस्थ होतो, बायको दंड धरून पुढे ओढते. मनात आलं, कुठल्या गाढवाने हे केलंय. हे शब्द मी मोठ्याने बोललो होतो, तेही सांगून टाकतो. बारीक कात्रीने सगळं उसवलं, आतल्या शिवणीतून त्याच वाणाची हिरवी लोकर काढली आणि एकेक घर उचलून वीण पुन्हा जुळवली. इतकं सुरेख काम माझ्या हातून फार कमी वेळा झालं असेल. ते झाल्यावर मी भोंग्याला म्हणालो, "शोध बरं, कुठे फाटलं होतं."

मागच्या पत्रात मी लिहिलं की लाल लोकर नाही. होती की नव्हती, ते लिहिलं नाही. तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तुमचं पत्र वाचत 'कानटोपी'पर्यंत आलो तेव्हाच कळलं, मी काय उसवलं ते. वाटलं, दुसऱ्या घरचं काय येतं ते बघू. तिकडची खूण पटली तर हे सांगायची वेळच येणार नाही. उभ्या जन्मात कुणी माझ्या कामाला नाव ठेवलं नाही, ताई. त्या नावासाठी मी तुम्हाला फसवलं. बायकोला तुमचं पत्र वाचून दाखवलं, पण माझं दाखवलं नाही.

दुसऱ्या घरचं उत्तर काल आलं. त्यांचा मुलगा साडेसहा फुटी होता. हा स्वेटर त्याला छातीपर्यंतच आला असता.

आणि आज भोंगा परतला. तुमची दोन्ही पत्रं वाचून त्याने घडी करून माझ्यासमोर ठेवली.  मग विचारलं, "म्हातारीने काय सांगितलं होतं ते मी तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं असशील."

"असशील काय? याच बाकावर बसून सांगितलं. तू सुईत दोरा ओवत होतास. हं हं करत होतास."

हे खरं आहे. भोंगा बोलायला लागला की मी त्याचं अर्धंच ऐकतो, फार बोलतो म्हणून. आज त्याला पुन्हा सांगायला लावलं. तो सांगत होता तसंच तुम्हाला लिहितो.

जखम मांडीला होती. म्हातारी तेव्हा तरुण होती, मांडीवर तान्हं मूल. तिने ती जखम बांधली, पण रक्त थांबेना. तो शुद्धीवर होता. त्याला तिची भाषा धड समजत नव्हती, तिला त्याची. सगळा वेळ तो उजव्या हाताने डावं कोपर घट्ट धरून होता. तिला वाटलं, तिथेही लागलंय. तिने हात सोडवून पाहिलं तर जखम नव्हती, लाल लोकरीचा गोळा होता. तिने बोट लावून खुणेने विचारलं, हे काय? तर तो हसला, आणि हाताने एवढीशी उंची दाखवली. लहान मुलीची दाखवतात तशी. मग पुन्हा कोपर धरून पडून राहिला. ती त्याच्या डोक्याशी बसून होती. गोठ्यात गुरं होती, त्यामुळे ऊब होती. उजाडता उजाडता तो गेला.

हे ऐकून घेतलं असतं तर मी त्या लोकरीला कात्री लावली असती का? नसती लावली. 

बाबांना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. ते मोडून पडतील ही भीती मलाही आहे. पण तुमच्या पहिल्या पत्रात एक वाक्य होतं. बाबा झोपेत ओरडतात, "बर्फात एकटा आहे रे, कुणीतरी जा." ताई, तो बर्फात नव्हता. एकटाही नव्हता. एवढं तरी त्यांच्या कानावर घाला, असं मला वाटतं. त्यांनी कोपर मागितलं तर काय करायचं, ते मात्र मला कळत नाही. त्यांच्या बोटांना तिथे काहीच लागणार नाही. लागू नये अशीच मी ती जागा केली आहे.

माफी कशी मागतात मला नीट येत नाही. कधी मागावी लागली नाही.

रफूगार


८ एप्रिल

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. बाबा गेले. माझं पत्र पोचण्याच्या आदल्या दिवशीच गेले.

तुम्ही लिहिलंत, ते आनंदात गेले. पॉलिश केलेले बूट पलंगाखाली ठेवून घेतले होते, आल्यावर त्याला लगेच मिळावेत म्हणून. आणि पुढे लिहिलंत, "तरी शेवटच्या दिवशीही झोपेत तेच ओरडले. बर्फात एकटा आहे रे. तुम्ही पहिल्यांदाच खरं लिहिलं असतं, तर मी त्यांच्या कानात सांगितलं असतं की नव्हता."

 मी ते वाक्य कुणाला वाचून दाखवलेलं नाही, पण ते मला पाठ झालं आहे.

ती लाल लोकर जपून ठेवली आहे का, असं तुम्ही विचारता. मी उसवलेले दोरे टाकत नाही, बसायच्या गादीत भरतो. गादी फाडली. दुकानभर कापूस आणि दोरे झाले, बायको झाडू घेऊन दारात आली आणि तशीच परत गेली. लाल तुकडे पुष्कळ निघाले. शाली, मफलर, कुणाकुणाचे फ्रॉक. त्यातला एक उचलून "हाच तो" असं तुम्हाला पाठवता आलं असतं. तुम्ही मानलंही असतं. मला खात्री नाही, म्हणून पाठवत नाही. पुन्हा अर्धंमुर्धं खरं नको.

एक गोष्ट मात्र करून बसलो, तीही सांगतो. बायको म्हणाली, "अहो, एवढं जिवाला लावून घेण्यापेक्षा तसंच लाल शिवून टाका ना. तुम्हाला काय अशक्य आहे?" मला पटलं. एकदा हाताखालून गेलेली शिवण मी विसरत नाही. ते वाकडं काम माझ्या डोळ्यांसमोर होतं, कुठला टाका कुठे चढला होता तेही. जुनी लाल लोकर शोधली. आधी दुसऱ्या कापडावर करून पाहिलं. नाही जमलं. टाका मुद्दाम तिरका घालायला जावं तर हात आपोआप सरळ येतो. डाव्या हाताने केलं, तर डाव्या हाताने केलेलं दिसलं. डोळे मिटून केलं. गोळा आला, पण तो गोळा ठरवून केलेला होता, कुणालाही कळला असता. दहा वर्षांच्या मुलीची घाई, भाऊ उद्या जाणार म्हणून उडालेली तिची धांदल, ती माझ्या हातात कुठून येणार? सगळे प्रयत्न चुलीत घातले. बायको म्हणाली, "बरं झालं नाही जमलं ते." सल्ला तिचाच होता, पण ते असो.

मग जे जमण्यासारखं होतं ते केलं. मी भरलेलं कोपर मीच उसवलं. माझं काम उसवायला मला कधी इतका वेळ लागला नाही, जागाच सापडत नव्हती. आता भोक पूर्वी होतं तसं आहे, तुमच्या हातात दादाने दिलं तेव्हा असेल तसं. कडा सुटू नयेत म्हणून चारी बाजूंनी कच्चा दोरा घातला आहे, ओढलात की निघेल.

भोंगा येत्या आठवड्यात तुमच्या गावावरून जाणार आहे. तो स्वेटर आणून देईल. त्याचा ट्रक पुढे सरहद्दीकडे जातो आहे. म्हातारीला त्याने निरोप दिला होता, तर ती म्हणाली, ती लहान मुलगी असेल तर तिला घेऊन ये. भोंग्याने सांगितलं, "आजी, ती आता साठीला आली." म्हातारी म्हणाली, "मग लवकर आण, मी किती थांबू?"

जायचं असेल तर जा. भोंग्याच्या आवाजाचा त्रास होईल, बाकी माणूस सोन्यासारखा आहे. बाबा जाऊ शकले असते की नाही माहीत नाही, पण त्यांना जायचं की नाही हे विचारता आलं असतं. ती वेळ मी घालवली.

रफूगार


४ मे

ताई,

तुमचं पत्र नाही, आणि यावं अशी माझी अपेक्षाही नाही. भोंगा काल आला. त्याने सांगितलं, मी सगळं ऐकलं. सुई खाली ठेवून ऐकलं.

तो म्हणाला, वाटभर तुम्ही स्वेटरची पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात. दुसऱ्या पिशवीत ते बूट होते. गोठा आता राहिलेला नाही, कुंपण आहे. बूट तुम्ही कुंपणाशी ठेवलेत आणि खाली वाकून, मातीजवळ तोंड नेऊन काहीतरी बोललात. काय ते भोंग्याला ऐकू आलं नाही, आणि तो म्हणाला, ऐकायचंही नव्हतं. मला वाटतं, बाबांचा निरोप असेल.

मग म्हातारीच्या ओट्यावर बसून तुम्ही सुई मागितलीत. लाल लोकर तुम्ही घरून आणली होती. चष्मा लावूनही दोरा ओवेना, तेव्हा म्हातारीने ओवायचा प्रयत्न केला, तिला तर त्याहून दिसत नाही. शेवटी भोंग्याने ओवून दिला.  तुम्ही मध्येच थांबत होता, डोळे पुसत होता, पुन्हा टाका घालत होता. झाल्यावर म्हातारीने कोपर हातात घेऊन चाचपलं आणि म्हणाली, "हां. हेच होतं."

मी भोंग्याला विचारलं, कसं झालंय?

तो म्हणाला, "तुला बघवणार नाही. टाक्यावर टाका. मध्ये हा एवढा गोळा."

मी आजवर पुष्कळ कोट, शाली, साड्या भरून दिल्या. आता वाटतं, त्यातलं किती कुणीतरी हाताने केलेलं होतं आणि मी ते पुसून टाकलं, देव जाणे. हल्ली गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, हे आधी कुणी शिवलंय का? लोक चमत्कारिक नजरेने बघतात. बघू देत.

एकच विनंती आहे. पुढेमागे ते पुन्हा उसवलं, तर जमेल तसं तुम्हीच शिवा. तुम्हाला नाही जमलं तर उसवलेलंच राहू द्या. पण कुठल्या रफूगाराच्या हातात देऊ नका. तो कितीही चांगला असला तरी. माझ्याही.

रफूगार